हजेरी

हेगच्या तिसऱ्या दालनात मी टंकते
माणसं बोलतात ते.
न बोललेलं टंकायची मुभा नाही.
कुणी नुसती मान हलवली की न्यायाधीश म्हणतात,
"तोंडाने उत्तर द्या, मानेची नोंद होत नाही."

त्या दिवशी खुर्चीत साक्षीदार एकशे बारा.
बाहेरच्या गॅलरीसाठी चेहरा चौकोनांत विस्कटलेला,
आवाज यंत्राने जाड केलेला.
आत मला मात्र दिसत होती
तिच्या नव्या कोटाची न कापलेली चिठ्ठी
आणि पाण्याचा पेला, जो पाच तासांत
तिने फक्त जागचा हलवला.

ड्रीनेकाठची एक शाळा.
गावाचं नाव काळ्या पट्टीखाली आहे,
मी ड्रीना म्हणाले तेच फार झालं.
आरोपी तिथे भूगोल शिकवायचा.
"कसा शिकवायचा?"
"चांगला," ती म्हणाली. "नद्या अजून पाठ आहेत."

मग जून. शाळेची व्यायामशाळा.
लाकडी जमिनीवर खेळाच्या पांढऱ्या रेषा,
रेषेच्या अलीकडे मुली, बायका. पलीकडे मुलगे.
दाराशी बस चालू ठेवलेली.
आणि सर, हजेरीपट घेऊन.
नवा कागद नव्हे. तोच, निळ्या पुठ्ठ्याचा, आठवी ब.
आवाज तोच. आडनाव आधी.

"मुलांनी काय केलं?"
"हजर म्हणाली."
"सगळी?"
"सवयीने, साहेब. माझा जुळा भाऊ तर उठून उभा राहिला.
त्याच्या खाली माझं नाव.
ते सरांनी ओलांडलं."

सतरा पोरं. बस गेली ती गेलीच.

बचावाचा वकील सभ्य माणूस. आवाजात लोणी.
"माझ्या अशिलाच्या हातात शस्त्र होतं?"
"पेन होतं."
"त्याने कुणाला हात लावला?"
"नाही."
"म्हणजे त्याने फक्त नावं वाचली."

दुभाषी थांबला. मी थांबले.
तिची मान हलली की नाही, ते मी पाहिलं
आणि लिहिलं नाही.

"तोंडाने, कृपया."

"वाचली. सतरा. एकाचाही उच्चार चुकला नाही.
बंदूकवाले परगावचे होते, साहेब,
त्यांना आम्ही सगळे सारखेच.
कोण कोण आहे
ते एकट्या सरांना ठाऊक."

आणि मग, कुणी विचारलं नसताना,
वकिलांच्या मागच्या रांगेकडे वळून
तिने स्वतःचं नाव घेतलं.
आडनाव आधी.
म्हणाली, "हजर."

एकच गडबड. माइक बंद, पडदे खाली.
प्रक्षेपण अर्धा तास मागून धावतं म्हणून निभावलं.
आदेश झाला: पान चार हजार चारशे सतरा,
ओळ नऊ, काळी करावी.
तिच्याच सुरक्षिततेसाठी. बरोबर आहे, नियम चांगला आहे,
त्याने माणसं वाचली आहेत.
पण ज्याच्या माणसांपासून लपवायचं
त्याच्याच निळ्या पुठ्ठ्यात ते नाव होतं,
त्याच्याच अक्षरात.

ओळ काळी केली ती मीच.
त्याने ओलांडलेलं नाव
मी पुसलं.

निकाल चार वर्षांनी आला.
परिच्छेद सहाशे अकरा: "एका साक्षीदाराच्या म्हणण्यानुसार."
यादी वाचणं म्हणजे निवडणं,
आणि निवडणं म्हणजे सामील असणं,
असं काहीसं न्यायालय म्हणालं, जड भाषेत, तीन तळटीपांसह.
अठरा वर्षं.
सतरा पोरं, अठरा वर्षं. भागाकार करू नये.
मी केला.

संध्याकाळी सायकलने समुद्राकडे जाते.
वारा नेहमी तोंडावर.
मोठ्याने म्हटलं तर माझ्यावरच खटला,
म्हणून ओठ मिटलेले.
बोटं मात्र हँडलवर आपसूक चालू लागतात,
आडनाव आधी.