पट्टी क्रमांक सात

उद्यमबागेतल्या तिसऱ्या गल्लीत,
जिथं फाउंड्रीच्या काजळीनं पेरूची पानंही मळलेली असतात,
माझं टेबल. मायक्रोमीटर, फडकं, रॉकेलची वाटी,
आणि आज गोणपाटात गुंडाळून परत आलेली
तांब्याची पट्टी क्रमांक सात.

गेली तेव्हा आरसा होती.
तिच्यात बघूनच मी टिकली सरळ केली होती.
आता मागच्या टोकाला तांबं वितळून थिजलंय,
पुढं नखांनी ओरबाडावं तसे चर,
वर ॲल्युमिनियमची पांढरी साय.
सोबतचा कागद सांगतो :
डागलेल्या फेऱ्या, एकोणीस.
झीज, रिकामी चौकट. ती मी भरायची.

दुपारी लुमाण्णाकाका डबा घेऊन येतात.
तोफखान्यात बावीस वर्षं,
डावा कान तिकडंच ठेवून आलेले.
"काय करूलीस गं?"
"तोफेची नळी मोजूलोय, काका."
"ही नळी?"
"अशा दोन. एकीतून वीज जाते,
गोळ्यामागच्या ठोकळ्यातून आडवी होते, दुसरीतून परत येते.
गोळा सुटतो."

काका पट्टी उचलून हुंगतात.
"दारू नाही?"
"नाही."
"मग तिकडं जाऊन फुटतो कसा?"
"फुटतच नाही. वेग पुरतो.
सेकंदाला दोन किलोमीटर."

ते गप्प होतात. मला ठाऊक आहे ते कुठं गेले :
कुठल्याशा डोंगराच्या कुशीत, थंडीत,
रचून ठेवलेल्या दारूच्या पिशव्यांपाशी.
एक ठिणगी,
आणि सकाळच्या हजेरीत
मुतग्याच्या भरमाणीच्या नावापाशी
सुभेदार अडखळला, मग पुढचं नाव वाचलं.

"म्हणजे कोठाराला आग लागायची भीती नाही."
"कोठारात नुसते लोखंडाचे ठोकळे, काका."
"मग हिला किंमत आहे," ते म्हणतात,
पल्ला न विचारता,
एका गोळ्याचा खर्चही न विचारता.

तेवढ्यात वीज जाते.
गल्लीभरच्या लेथ एकदम दम सोडतात.
अंधारात काका हसतात, "आणि ऐन लढाईत गेली तर?"
"आधीच साठवून ठेवतात. खोलीभर कपाटं लागतात."
"आलंच की मग कोठार!"

मोबाइलच्या उजेडात
मी कागदाच्या पाठीवर हिशेब मांडते.
शिनोळी वीस किलोमीटर. दहा सेकंद.
तिथं काकांची थोरली लेक दिलेली.
त्यांना बसनं पाऊण तास लागतो,
एक डुलकी होईतो पाट्यांची लिपी बदललेली असते.
दहा सेकंदांत पाटी कोण वाचतो?

वीज वाहू लागली की
या दोन पट्ट्या एकमेकींना झिडकारतात.
गोळा ढकलणारं जोरच त्यांना फाकवू बघतं,
म्हणून बाहेरून पोलादी कवच, चोवीस बोल्ट.
आटे पाडले बैलहोंगलच्या शिवलिंगप्पानं, पलीकडच्याच शेडमध्ये.
ड्रॉइंगवर त्याच्या खुणा कन्नडात, माझ्या मराठीत.
एकदा त्याचा सात मला नीट लागला नव्हता,
तर अख्खा दिवस भांडलो.

"आमची नळी हजारांनी गोळे काढायची," काका म्हणतात.
"हिचे एकोणीस?"
"एकोणीस. मग पट्टी बदलायची."
"आणि समोरचा थांबतो होय, तू बदलीस्तोवर?"
याला माझ्याकडं चौकट नाही.

मग ते खाली वाकतात,
डावा कान पट्टीला लावतात,
डॉक्टरनं छातीला लावावा तसा.
"काय ऐकूलाय?"
"काही नाही. ह्या कानाला सगळ्या तोफा सारख्याच."

वीज येते. भाकरी गार झालेली.
मी कानाचा तेलकट ठसा फडक्यानं पुसते,
पुन्हा मोजते :
शून्य दशांश त्र्याऐंशी.
लिहिते. बाद.
आठ नंबरची पट्टी कपाटातून काढते,
आणि तिच्यात बघायचं टाळते.