झडती

सरकारनं आता सोबत एकच शिपाई ठेवलाय,
तोही गोदाघाटावर आला की मोबाइलात मान घालतो.
बरं वाटतं.
बुधवारच्या बाजारात मेथीच्या जुड्यांमधून वाट काढताना
कुणी ओळखत नाही.
एक बाई तर ओरडली, 'आजोबा, खाली बघून चाला, टोपलीत पडाल!'
इतका सरळ सल्ला
मंत्रिमंडळात मला कधी मिळाला नाही.

दिल्लीचा प्रकाशक मागे लागलाय:
राज्य, स्वातंत्र्य, संघराज्य, तीनशे पानं द्या.
पहिल्या पानावर लिहिलं, 'राज्य म्हणजे'
आणि पेन अडलं.
आठवला वडिलांचा डबा.

नाशिकरोडच्या छापखान्यात ते नोटा मोजायचे.
दिवसभर बोटांखालून लाखांचे गठ्ठे,
संध्याकाळी फाटकावर हात वर, खिसे उलटे,
डब्याचं झाकण उघडं:
भाकरीचा तुकडा, लोणच्याचा तेलकट डाग.
मी आठ वर्षांचा, फाटकाबाहेर उभा.
'रोज चोर समजतात तुम्हाला?'
सायकलची चेन बसवत ते म्हणाले,
'साहेबाचाही डबा उघडतात ना, तोवर चालतंय.
एकाचा जरी न उघडता बाहेर गेला,
तर समज, नोटेवरचा आकडा खोटा.'

राज्यशास्त्र पुढे पुण्यात शिकलो.
त्यात याहून जास्त काही नव्हतं,
शब्द तेवढे लांब होते.

मग माझ्या गाडीसाठी फाटकं आपोआप उघडू लागली.
आधी अवघडलो. मग सवय झाली.
मग एका पोरसवदा जवानानं हात आडवा केला
तर चिडलो.
त्याची बदली झाली. मी सांगितली नव्हती,
थांबवलीही नव्हती.
धनाजी खेमनर. नाव लक्षात आहे,
पुस्तकात घालावं की नाही ते ठरत नाही.

इथल्याच तुरुंगात अकरा महिने काढले तरुणपणी.
छापखान्याचा भोंगा कोठडीत ऐकू यायचा,
वडील आता हात वर करत असतील, असं वाटायचं.
लोक विचारतात, स्वातंत्र्य तिथं कळलं असेल?
तिथं भूक कळली त्याची.
ते कळलं फार नंतर,
माझ्यावर वाईट लिहिणाऱ्याची फाइल टेबलावर आली तेव्हा,
आणि पेन माझ्या हातात होतं.
सही केली नाही.
पण फाइल तीन आठवडे ठेवून घेतली.
तीन आठवडे त्या माणसाची झोप
माझ्या ड्रॉवरमध्ये होती.

आणि संघराज्य?
ज्या वर्षी धरणाचं पाणी खाली सोडा म्हणालो
त्या वर्षी मखमलाबादच्या चुलतभावानं
दसऱ्याला सोनं दिलं नाही.
मी त्याला सांगत होतो, राजमहेंद्रीला हीच नदी
एवढी होते की पलीकडचा काठ दिसत नाही.
तिथल्या नावाड्यानं मला विचारलं होतं,
'उगमाकडे पाणी कसं आहे?'
गावाकडच्या म्हाताऱ्याची तब्येत विचारावी तसं.
देश म्हणजे तो प्रश्न, बाबू, मी म्हणालो.
बाबू म्हणाला, 'आणि माझी अर्धी बाग?'

वाळली होती. खरंच वाळली होती.
हे त्याच पानावर लिहायला हवं,
तळटीपेत नाही.

ऊन दुतोंड्या मारुतीच्या छातीवर आलं.
पुराचं पाणी तिथवर चढलं की
शहर सामान वर उचलतं.
माझ्यासारख्यांचं पाणी चढतं तेव्हा
कुठल्या दगडाकडे बघायचं, कुणी सांगितलेलं नाही.

परत निघताना मेथीची एक जुडी घेतली.
त्याच बाईपाशी. पाचशेची नोट होती.
तिनं ती उन्हात धरली, चुरगाळली, सरळ केली,
चांदीच्या तारेवरून नख फिरवलं,
मग एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

बघ, बाई.
नीट बघ.