अकरापैकी सहा

बरबँकला रेल्वेरुळांपलीकडे आमचं गोदाम.
वरच्या फळ्यांवर लेकुरवाळ्या मालिका,
दोनशे-दोनशे भागांच्या,
दर नाताळला नवं वेष्टन लेवून बाजारात निघणाऱ्या.
अगदी खाली, जिथे पुसणारा वाकत नाही, तिथे
औट घटकेचं राज्य केलेल्या:
सप्टेंबरात जन्मलेल्या, नोव्हेंबरात गेलेल्या,
मंगळवारी रात्री साडेआठला
शेजारच्या वाहिनीवरच्या एका हसऱ्या पोलिसाने
चिरडलेल्या.

लोक विचारतात, कुठली काढायची हे कसं ठरवता?
गुणांवर, असं सांगायला मला आवडलं असतं.
त्यातला नट पुढे मोठा झाला, तर निघते.
नटाने पुढे खून केला, तरी निघते,
जरा लवकरच.
मूळ फीत शाबूत असली तर; तिच्यावर कुणी
बोलिंगचा सामना छापून ठेवला नसला तर.
मालक कंपनी कुणी गिळली, त्या गिळणारीला कुणी,
हे एकट्याला ठाऊक असलेला म्हातारा वकील
दुपारच्या झोपेतून उठून फोन उचलेल तर.
एवढं सगळं जमलं की
मग गाणं आडवं येतं.

'ड्राय डॉक', १९७४. डुलुथ, मिनेसोटा.
टगबोट चालवणारी विधवा, तीन मुलगे, बर्फ.
अकरा भाग केले, सहा दाखवले.
दर मार्चात, तिकडे सरोवर फुटायच्या सुमाराला,
व्हर्ना टिलकेचं पत्र यायचं. निळी शाई, आखीव कागद.
"चौथ्या भागात, खाणावळीत, माझी बहीण लोइस आहे.
गावातल्या पोरींना दिवसाचे बारा डॉलर देत होते.
ती ट्रे घेऊन मागून जाते. तेवढंच.
तिचे फोटो आहेत आमच्याकडे.
चालताना ती कुठेच नाही."

नऊ पत्रं झाल्यावर मी चौथा भाग लावला.
खिडकीवर वाफ. काउंटरवर रेडिओ.
रेडिओवर ते गाणं
(नाव घेत नाही, नाव घेतलं तरी बिल येईल),
पुरे चाळीस सेकंद.
त्या चाळीस सेकंदांची किंमत
अख्ख्या मालिकेच्या खर्चाहून जास्त.
नाकापेक्षा मोती जड.

रेनाटा म्हणाली, दुसरी धून लाव, फुकटातली.
लावली.
पण विधवा काउंटरवर बोटांनी ठेका धरते,
तो जुन्या गाण्याचा.
नव्या धुनीवर ती बोटं भ्रमिष्टासारखी वाटत होती.
मग प्रसंगच काप, रेनाटा म्हणाली.
कापून पाहिला.
कथेचं काही म्हणजे काही बिघडत नव्हतं.
ते पाहून मला कसंसंच झालं.
लोइस नव्हती, आणि सगळं सुरळीत चाललं होतं.

परत जोडला. आवाज तेवढा काढून टाकला.
चाळीस सेकंद वाफ, ओठ, बोटं,
आणि मागून डावीकडून उजवीकडे
एक पोरगी, एप्रन जरा सैल,
कुणाकडेही न बघता.
वेष्टनावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं:
काही ठिकाणी ध्वनी उपलब्ध नाही.

तीनशे बारा संच खपले.
दोघांनी परत पाठवले, डिस्क खराब आहे म्हणून.
रेनाटाने माझ्यापुढे आकडे ठेवले,
बोलली काही नाही.

एक संच मी डुलुथला फुकट पाठवला होता.
उत्तर जूनमध्ये आलं, अर्ध्या पानाचं.
आधी तक्रार: वेष्टनावरची बोट
त्यांच्या बंदरातली नाहीच.
मग: "ट्रे डाव्या हातावर होता.
लोइस डावखुरी होती, आईने मारून मारून सोडवलं होतं,
मी विसरूनच गेले होते.
गाणं कुठलं होतं हो? मला काही आठवेना."

मी पेन उघडलं.
आणि मग आठवलं, मला ते
लिहून पाठवायचीसुद्धा परवानगी आहे का,
हे कुणाला तरी विचारावं लागेल.
न विचारताच लिहिलं.