विलंबाचे कारण

सदरमधल्या झेरॉक्सच्या दुकानात मी फॉर्म भरून देतो.
पॅन, जातपडताळणी, आणि महिन्याकाठी एखादा परदेशी.
जरीपटक्याच्या सिंधी म्हाताऱ्या येतात,
सोडून आलेल्या देशाचा पासपोर्ट
पुन्हा पुन्हा जिवंत करून घेतात,
इथं राहायचं म्हणून.

भन्ते ऊ पञ्ञासार आले ते भाद्रपदात.
इंदोऱ्याच्या विहारातून पायी, काखेत छत्री,
छत्री कोरडीच.
ब्रह्मदेशचे. पालीत एम.ए., निकाल अजून लागायचा.
व्हिसा संपून एकोणीस दिवस झालेले.

"काहून थांबले भन्तेजी?"

मराठी ते वस्तीतल्या बायकांकडून शिकले,
भोजनदानाच्या वेळी, ताट पुढे येता येता,
म्हणून क्रियापदं सगळी बायकी.
"मी थांबली," ते म्हणाले. "वर्षावास.
आषाढ पौर्णिमेला शब्द दिली,
तीन महिने ह्याच छपराखाली."

म्हणजे एक नियम म्हणतो हलू नको,
दुसरा म्हणतो राहू नको,
आणि दुसऱ्याला ओटीपी लागतो.

रकाना होता: विलंबाचे कारण.
दोनशे अक्षरं, मोकळी जागा धरून.
मी टाइप केलं: पाऊस.

दुपारी तभाने मॅडमचा फोन.
"गजघाटे, पाऊस हे काय कारण झालं का बाप्पा?
अन् यंदा पडला कुठं?"
मी खोडलं. लिहिलं: निकाल प्रलंबित.
हेही खरंच होतं. हे चाललं.

मोनिवाजवळच्या त्यांच्या गावचा विहार जळला,
पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी,
चहा नको म्हणता म्हणता.
ते मी कुठंच टाइप केलं नाही.
त्याला रकाना नव्हता.

मग दंड.
आकडा पडद्यावर आला, भन्तेंनी हात चीवरात घेतले.
पैशाला ते शिवत नाहीत.
संध्याकाळी शेवंताबाई, पौर्णिमा खोब्रागडे आणि माझी आई
तांदळाच्या पिशवीत दहा-विसाच्या नोटा घेऊन आल्या.
काउंटरवर सांडून मोजल्या.
नोटा मी ठेवल्या, वरचे घातले, कार्ड माझं लावलं.
पोर्टलनं नाव कार्डावरून उचललं.
पावती निघाली:
दंड भरणारा परदेशी, मिलिंद गजघाटे.
आई म्हणे, "दान दिलं."
मी म्हटलं, "दंड आहे माय."
"असंन," म्हणाली, आणि पिशवी झटकली.
दोन-चार तांदूळ कीबोर्डात गेले,
अजून आहेत, शिफ्टच्या खाली.

मी विचारलं, "भन्तेजी, राजाचं काही सांगून नाही ठेवलं बुद्धानं?"
"ठेवली आहे. मगधाची राजा निरोप पाठवली,
वर्षावासाला उशिरा बसा.
बुद्ध म्हणाले, राजाची ऐका."
"मग?"
"ती राजा उशिरा बसा म्हणाली," ते हसले.
"उठा नाही म्हणाली."

आदेश आला. चौदा दिवसांत देश सोडावा.
मी दुकानातलं कॅलेंडर काढलं, बँकेचं फुकटातलं,
बोटानं मोजलं.
आश्विन पौर्णिमा एकविसावी.
सात दिवस कमी.

मी मॅडमकडे जाणार होतो, हातापाया पडणार होतो,
सात दिवस म्हणजे काय हो, पोह्याच्या गाडीवाल्याची उधारीही
याहून जास्त चालते.
भन्तेंनी कॅलेंडर हातात घेतलं, त्यांनीही मोजलं,
आणि हलकेच परत खिळ्याला लावलं.

"शेवटच्या सात दिवसांत कामाला गेली," ते म्हणाले,
"तर परत आली काय, नाही आली काय,
दोष नाही."

चौदाव्या दिवशी पहाटे मी विमानतळावर सोडलं.
छत्री माझ्या गाडीलाच अडकवून राहिली.
आत जाताना ते वळले.
"सात दिवसांसाठी जाऊन राहिली," म्हणाले,
आणि दरवाज्यावरच्या जवानानं
पासपोर्ट मागितला.