दिव्याची वही

इंजिनच्या आकाराचा तो पिवळा दिवा
पहिल्यांदा लागला सायबर चौकात,
आणि सिग्नल हिरवा व्हायच्या आत विझला.
मी म्हटलं, ऊन असेल.
दुसऱ्यांदा पंचगंगेच्या पुलावर.
त्यानंतर मोजायचं राहून गेलं.

उद्यमनगरात, लेथच्या किरकिरीत,
दस्तगीर मिस्त्रींच्या दारात गाडी लावली की
दिवा असा गप्प,
जसं मीच खोटं बोलतेय.

मिस्त्रींनी स्कॅनर लावला. पडद्यावर एक कोड, जुना.
"सेन्सरचा आवाज मधीच तुटतोय," म्हणाले,
"कुठं तुटतोय ते ह्याला कळत न्हाई.
कोण रडलं तेवढं सांगतंय ह्ये.
मारलं कुणी, ते आपण हुडकायचं."

प्लग काढले, फुंकले, परत लावले.
बॅटरीची टोकं पॉलिश पेपरनं घासली.
एक सेन्सर बदलला, अडीच हजारांचा.
त्या अडीच हजारांची शांतता
राजारामपुरीच्या सातव्या गल्लीपर्यंत टिकली.

मग म्हणाले, "ताई, एक वही घाला.
दिवा लागला की लिवायचं.
वेळ, जागा, गियर, एसी, टाकीत किती, गाडीत कोण.
पाना नंतर. आधी पेन."

मंगळवार. सकाळी साडेनऊ. कळंब्याकडं वळताना.
तिसरा गियर. एसी बंद. आई.
शुक्रवार. अंधार पडल्यावर. शिरोली नाका, ट्रक आडवा आला.
दुसरा. अर्धी टाकी. आई, मागच्या सीटवर वांगी.
रविवार. निपाणीला जाऊन आले. दिवा नाही.
मी एकटी.
सोमवार. पुईखडीचा उतार. चौथा. आई.
आई म्हणाली, झकास चालवतीस की.

मिस्त्रींनी वही वाचली
उधारीची वाचावी तशी, बोट खाली खाली नेत.
बोटाचं ग्रीस प्रत्येक ओळीला लागलं.
शेवटच्या रकान्यात ते थांबलं.
"आईस्नी घिऊन या."

आई आली. पुढच्या सीटवर, पर्स मांडीत.
मिस्त्री मागं, गुडघे हनुवटीशी, हातात बॅटरी.
रंकाळा मागं टाकला. फुलेवाडीच्या रस्त्याला
एक म्हैस आडवी, तिच्या मागून दुसरी, विचार करत.
मी ब्रेक दाबला.
माझ्या डाव्या हाताला, जिथं पेडल नसतं,
तिथं आईनंही दाबला.

दिवा लागला.

मिस्त्री हसले नाहीत.
"काकू, पाय जरा वर घ्या," म्हणाले, आणि मॅट उचललं.
आधीच्या मालकानं कधीतरी तिथलं झाकण काढलेलं,
परत बसवलंच नव्हतं.
वेणीएवढा वायरींचा जुडगा,
खोबणीत अर्धवट बसलेलं एक सॉकेट,
आणि त्याच्यावर मॅटला पडलेला खळगा,
चार वर्षांचा, टाचेच्या मापाचा.

"मी कुठं काय करतो?" आई म्हणाली.

खरंच तिला माहीत नव्हतं.
बेचाळिसाव्या वर्षी मला लायसन मिळालं
तेव्हापासून दोघी मिळून चालवत होतो ही गाडी.
ती तोंडानं झकास म्हणायची
आणि पायानं थांबवायची.

सॉकेट टक् करून बसलं. वरून पत्रा वाकवून ठोकला.
दीडशे रुपये.
मी सेन्सरचं विचारलं.
"त्यो बी म्हातारा झालाच हुता," मिस्त्री म्हणाले,
आणि पोराला उगीच हाक मारली.

आता दिवा लागत नाही.
वही कप्प्यात आहे, पुसायच्या फडक्याखाली.
परवा गगनबावड्याच्या रस्त्याला
आई खिडकीबाहेर ऊस बघत होती,
वळण यायचं होतं,
आणि खाली पत्रा वाजला.

रस्ता मोकळा होता.
मी गियर खाली घेतला.