नंबर घालणारा

गुंजीच्या फाट्यापासून लोंढ्याच्या अलीकडपर्यंत
रस्त्याकडेच्या झाडांना नंबर घालायचे होते.
फ्लेक्स आल्यापासून मष्णू पेंटरचे ब्रश
रॉकेलच्या डब्यात कडक होऊन उभे.
झाडामागे बारा रुपये, रंग कंत्राटदाराचा.
तो हो म्हणाला. मीही म्हणालो असतो.

त्याच्याच हाताखाली डबा धरायला शिकलो मी.
आता खानापुरात माझं फ्लेक्सचं दुकान आहे:
वाढदिवस, श्रद्धांजली, जत्रेच्या शुभेच्छा.
तरी त्या आठवड्यात गेलो,
जुन्या सवयीनं, डबा धरायला.

तळहाताएवढी साल खरवडायची,
ओली जागा वाऱ्यानं सुकू द्यायची,
मग आकडा.
आणि आकडा तरी कसा!
आठाच्या पोटाला छाया, नवाच्या शेपटीला वळण,
जणू सराफाच्या पाटीवर बसायचाय.
'अरे, कापणारच आहेत,' मी म्हटलं.
'म्हणून घाण लिहू?'

दोनशे अकराला हात थांबला.
बिबळा होता. साल निघाली तसा
लाल चीक आला, रंगाच्या आधीच रंग.
बराच वेळ बघत राहिला. मग ब्रश पुसला
आणि आकड्याच्या जागी लिहिलं, बिबळा.
खाली कानडीत, होन्ने.

ह्याच हातानं गावच्या पाट्या रंगवल्या होत्या,
कुठली अक्षरं वर नि कुठली खाली
ह्यावरनं दोनदा डांबर फासलं गेलं,
एकदा ह्यांनी, एकदा त्यांनी.
दोन्ही वेळा पुसायला बोलावलं मष्णूलाच.
झाडावर मात्र कुणी भांडलं नाही.

तिथून पुढं नावंच.
ऐन, मत्ती. जांभूळ, नेरळे. करंज, होंगे.
म्हशी हाकत आलेलं गवळ्याचं पोर थांबलं,
'काय लिव्हुलाईस, काका?'
अडलेली तीन नावं त्या पोरानं सांगितली.
एक मात्र त्यालाही येईना.
मष्णूनं तिथं नुसती चौकट आखली,
आत काही नाही,
चारी कोपऱ्यांत बारीक वेल.

कंत्राटदाराचा बसलिंग यादी घेऊन आला.
'नंबर एल्ली?'
मष्णू म्हणाला, 'वाच की.'
पैसे बुडाले ते बुडालेच.

यादी जुळेना म्हणून चार दिवस गेले.
पाचव्या दिवशी करवत आली,
खडूचे नंबर घालून.
चार दिवसांत काय होतं?
एखादं पिल्लू उडालं असेल.
नसेलही. मी काही वर चढून बघितलं नाही.

जूनमध्ये त्याच कंत्राटदारानं
माझ्याकडनं फ्लेक्स करून घेतला, दहा बाय सहा,
'झाडे लावा', वर त्याचा फोटो, हात जोडलेला.
मागं एक हिरवंगार झाड, नेटवरनं उचललेलं.
मष्णू दुकानात आला होता, सहज.
मशीनमधनं झाड इंचाइंचानं बाहेर येत होतं.
'ह्याचं नाव काय?'
मला सांगता येईना.
'मग चौकट तरी सोडायचीस,' म्हणाला,
आणि चप्पल घालून निघाला.

मशीन चालूच होतं.
अजून चार फूट यायचं होतं.