तोंडपाठ तक्ता

'शुभविवाह'चा 'शुमविवाह' झाला.
'भ'च्या डोक्यावर ठेवायची फट
माझ्या ब्रशानं परस्पर बुजवून टाकली.
नवरदेवाचे मामा काही बोलले नाहीत,
मोबाइलवर फोटो तेवढा काढून घेतला.

गयाबाई म्हणाली, कामून ताणायलाव,
दाखवा की एकदा डोळे.
तिला कुठं सांगू,
आठ दिवसांपूर्वीच दाखवले होते.

सेलूत सल्ल्याला तोटा नाही.
मेहुणा म्हणतो जालना, तिथं मशीन मोठी.
चहावाला म्हणतो परभणी, एकावर एक फ्रेम फुकट.
(मला नाक एकच.)
पोरगा म्हणतो घरी बसून मागवू,
कागदावर बोट ठेवून दोन बाहुल्यांतलं अंतर मोजू.
सरकारी दवाखान्यात बुधवारी शिबिर,
चष्मा मोफत, फ्रेम सगळ्यांना काळी.
आमची अर्धी गल्ली त्यामुळं
एकाच वर्गातली वाटते.

मी गेलो कय्यूमभाईंकडं.
स्टेशन रोडवरची 'नजर' ही पाटी माझीच,
उर्दूतलं 'नून' त्यांनी खडूनं काढून दिलं,
मी रंग भरला.
स्टुलावर बसवून एक डोळा झाकला. वाचा.
वाचलं. खालची ओळसुद्धा, न अडखळता.
'सगळं दिसायलंय की तुम्हाला, पेंटर!'

घरी येईपर्यंत लक्षात आलं नाही,
की तो पत्र्याचा तक्ता मीच रंगवलेला.
शेवटच्या ओळीला तीन केसांचा ब्रश,
'ण' जरा घट्ट झाला होता म्हणून
'थ' उजवीकडं सरकवलेला.
मी डोळ्यानं नाही, मनगटानं वाचून आलो होतो.

शुमविवाहानंतर जाऊन कबूल केलं.
कय्यूमभाई पोट धरून हसले,
मग चष्मा काढून पुसत म्हणाले,
सारड्याकडं जा.
त्याची अक्षरं भिंतीवर उजेडात उमटतात,
तुझ्या हातची नाहीत.
नंबर तिथं काढ, काच इथं बसवू.

सारड्याकडं जायचं म्हणजे
भूकंपाच्या साली त्याच्या पाटीवरच्या डोळ्याला
पापण्या जास्त झाल्या म्हणून
त्यानं माझे शंभर रुपये कापलेले.
तेव्हापासून त्या बाजूनं सायकल घातली नव्हती.

अंधारात बसलो. चौथ्या ओळीला अडकलो.
कुणी काढली असतील ही अक्षरं,
कुठंच हात थरथरलेला नाही.
'दिसत नाही,' म्हणालो.
हे तोंडातून निघायला
वय छप्पन्न लागलं.

पैसे द्यायला खिशात हात घातला,
तर सारडा मान हलवून म्हणाला,
राहू द्या. पापण्यांचे.

तीन दिवसांनी कय्यूमभाईंनी कानामागं काड्या बसवल्या.
पायरी उतरून मागं वळून वर पाहिलं.
शिरोरेषा मध्येच खचलेली,
'नून'चा ठिपका उडालेला, किती वर्षं कुणास ठाऊक.
खाली कोपऱ्यात बारीक 'केरबा आर्ट्स' मात्र शाबूत.

परत आत गेलो.
त्यांना वाटलं, नाकाला टोचायलंय.
मी शिडी मागितली.